हिरोच्या हातात रिफ्लेक्टर

फोटोत हा जो कडेला रिफ्लेक्टर (उजेड परतवून चेहऱ्यावर टाकणारा फळा) धरून उभा दिसतोय ना, तो या फिल्मचा हिरो. म्हणजे मीच. या शॉटमध्ये मी नाहीये, मग हात रिकामे कशाला ठेवायचे. लो बजेट फिल्ममध्ये ज्याला काम नसतं त्याला लगेच काम मिळतं.

मी मूळचा हौशी नाटकवाला. नाटकात एकदा पडदा उघडला की पुढचं सगळं तुमच्या हातात, रडायचंय तिथपर्यंत चढत चढत जाता येतं. इथे पहिल्याच दिवशी शेवटचा सीन, कारण ती खोली तेव्हाच मिळत होती. म्हणजे वडील आधी गेले आणि त्यांच्याशी भांडण नंतर, तेही वडील समोर नसताना, कारण त्या काकांना ऑफिसातून सुट्टी नाही मिळाली. नजर कुठे ठेवायची म्हणून स्टँडवर टेपची फुली चिकटवली, आणि मी त्या फुलीवर मनापासून चिडलो.

पण खरा जीव खाल्ला तो कंटिन्यूटीने, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये सगळं जसंच्या तसं जुळवण्याने. कॅमेरा एकच, त्यामुळे तोच संवाद आधी मास्टरमध्ये (अख्खा सीन लांबून एकाच शॉटमध्ये), मग खांद्यावरून, मग क्लोजअपला, आणि दरवेळी "मला सांगितलं का नाहीस" यातल्या "का"ला कप उचलायचा, उजव्याच हाताने, "नाहीस" झालं की घोट, आणि कपात पाणी तेवढंच. एका टेकला समोरचीने काय कमाल केली, सगळे खूश, आणि आमची स्क्रिप्ट सुपरवायझर (मेकअप आणि हिशोब पण तिच्याकडेच) शांतपणे म्हणाली, "ताई, कप डाव्या हातात होता." संपला विषय, परत.

आणि सेटवरचा खरा मालक कोण, तर साउंडवाला. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना पठ्ठ्याने स्वतःच्या गाडीची चावी आत ठेवली, म्हणजे निघताना फ्रिज परत चालू करायची आठवण राहणारच. साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे म्हणे. पॅकअपच्या आधी रूम टोन, म्हणजे सगळ्यांनी अर्धा-एक मिनिट हलायचं पण नाही आणि तो त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करणार, एडिटमध्ये संवादांच्या मधल्या फटी भरायला.

ख्रिस्तोफर नोलाननी 1998 ची 'फॉलोइंग' नोकरीवाल्या मित्रांना घेऊन अशीच सुट्टीच्या दिवशी, जवळपास वर्षभर शूट केली होती. ऐकायला भारी वाटतं, पण वर्षभर केस-दाढी त्याच मापात ठेवून रोज ऑफिसला जाऊन बघा. त्यांनी एक मात्र केलं, फिल्मची रिळं महाग म्हणून आधी भरपूर तालमी, मग एक-दोन टेकमध्ये ओके. आता मेमरी कार्डावर हवे तेवढे टेक घेता येतात म्हणून तालमीच करत नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. टेक फुकट असेल, मावळतीचा उजेड थोडाच थांबतो?

पैशाचं म्हणाल तर कागदावर दोन गोष्टी लिहून घेतल्या, फिल्म विकली गेली तर मानधन, आणि विको न विको, शोरीलसाठी (काम मागताना दाखवायचा आपल्या कामाचा व्हिडिओ) माझ्या सीन्सची क्लिप. मानधन अजून आलेलं नाही. क्लिप आली, ती बघून एकाने ऑडिशनला बोलावलंय, आणि तिथे पण कॅमेरा एकच आहे म्हणे.