हुगळीकाठचे व्यासपीठ: सेरामपूरच्या बाप्टिस्ट मिशनची कथा

बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीच्या प्रार्थनामंदिरात शिरल्यावर नजर प्रथम वेदीकडे न जाता उपदेशकाच्या व्यासपीठाकडे जाते. इंग्लंडमधील जुन्या मंदिरांत हे व्यासपीठ समोर, मध्यभागी आणि चांगले उंचावर बांधलेले असे, कारण पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, एखादा उतारा वाचून त्याचा अर्थ मंडळीला उलगडून सांगणे हाच तिथल्या उपासनेचा गाभा मानला जाई. या परंपरेत बिशपची सत्ता नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक आपणच निवडते आणि ज्याने समजून-उमजून विश्वासाची कबुली दिली आहे अशाच व्यक्तीला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार, देते. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडण्याची रीत बाप्टिस्टांना मान्य नाही. १६०९ च्या सुमारास राजमान्य चर्चपासून फुटून अ‍ॅमस्टरडॅममध्ये आश्रयाला गेलेल्या इंग्रजांच्या एका छोट्या गटाने जॉन स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली ही भूमिका घेतली. त्यांच्यातील थॉमस हेल्विस १६१२ मध्ये मायदेशी परतले आणि राजाला प्रजेच्या आत्म्यावर कसलाही अधिकार नाही, असे त्यांनी राजालाच उद्देशून लिहिले. त्याबद्दल त्यांना न्यूगेटच्या तुरुंगात डांबण्यात आले.

या चित्रफितीच्या निवेदनाचा विषय मात्र लंडन नसून कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पश्चिम काठावर वसलेले सेरामपूर हे गाव आहे. बंगालीत त्याला श्रीरामपूर म्हणतात, पण आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही. अठराव्या शतकात हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि ही एरवी किरकोळ वाटणारी गोष्टच पुढील सगळ्या घडामोडींना कारण ठरली.

या कथेचा मुख्य पुरुष विल्यम कॅरी १७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्थहॅम्प्टनशर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात जन्मला. तो व्यवसायाने चांभार होता. ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नेन नदीत जॉन रायलंड या तरुण पाळकाने त्याला बाप्तिस्मा दिला, तेव्हा एका गरीब कारागिराचे स्नान यापलीकडे त्या प्रसंगाला कुणी महत्त्व दिले नाही. इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेर असलेल्यांना ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदव्या मिळत नसत. त्यामुळे अनेक बाप्टिस्ट उपदेशक स्वतःच्या बळावर शिकलेले असत, आणि कॅरीही जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू आणि डच शिकला. मोल्टन येथे पाळक असताना त्याने भिंतीवर जगाचा नकाशा लावून त्यावर निरनिराळ्या देशांची लोकसंख्या आणि धर्म यांच्या नोंदी केल्या होत्या.

परदेशी जाऊन शुभवर्तमान सांगावे, ही कल्पना त्या काळच्या अनेक बाप्टिस्टांना पटत नव्हती. ज्यांचे तारण व्हायचे त्यांचे देव स्वतःच करील, माणसाने मध्ये पडू नये, असा एक कडक विचार त्यांच्यात रुजलेला होता. एका सभेत थोरल्या रायलंडनी, म्हणजे जॉन रायलंडच्या वडिलांनी, कॅरीला खडसावून खाली बसवले, ही कथा अनेक चरित्रांत येते. पण ज्यांनी कॅरीला बाप्तिस्मा दिला त्या धाकट्या रायलंडनीच ती खरी मानली नव्हती, म्हणून आपणही ती जपूनच सांगावी.

३० मे १७९२ रोजी नॉटिंगहॅम येथे जमलेल्या पाळकांसमोर कॅरीने बायबलमधील यशयाच्या ग्रंथाच्या ५४ व्या अध्यायातील तंबूची जागा ऐसपैस करण्याविषयीच्या वचनांवर उपदेश केला. देवाकडून मोठ्या गोष्टींची अपेक्षा धरा आणि मोठ्या गोष्टी करायला धजा, हे त्याचे सूत्र आजही बाप्टिस्ट व्यासपीठांवरून उद्धृत होते. गंमत अशी की, या परंपरेतील सर्वांत गाजलेल्या या उपदेशाचे हस्तलिखित उपलब्धच नाही. ऐकणाऱ्यांच्या आठवणीत राहिले तेवढेच आपल्यापर्यंत आले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी एका विधवेच्या घरी जमलेल्या मोजक्या मंडळींनी बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन केली आणि १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स एवढ्या वर्गणीची वचने गोळा केली.

१७९३ च्या नोव्हेंबरात कॅरी कुटुंबासह बंगालमध्ये उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, त्यामुळे तो मालदाजवळील मदनावती येथे निळीच्या कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून राहिला. फुरसतीच्या वेळी बंगाली शिकावे, रामराम बसू या मुनशीच्या मदतीने भाषांतर करावे आणि आसपासच्या खेड्यांत जाऊन उपदेश करावा, असा त्याचा क्रम होता. लोक ऐकत, प्रश्न विचारत, वादही घालत. पण सात वर्षांत एकाही बंगाली माणसाने बाप्तिस्मा घेतला नाही.

याच काळातील एक गोष्ट गौरवग्रंथांत घाईघाईने उरकली जाते. कॅरीची पत्नी डोरोथी हिला इंग्लंड सोडायचेच नव्हते. निघण्याच्या तोंडावर, कडेवर तान्हे मूल असताना, तिचे मन वळवण्यात आले. १७९४ मध्ये तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला आणि त्यानंतर डोरोथीचे मानसिक स्वास्थ्य ढासळले ते १८०७ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. शेजारच्या खोलीत ती आक्रोश करीत असताना कॅरी भाषांतर करीत बसे, हे त्याच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. ते ऐकताना त्या खोलीतल्या बाईचाही विचार करायला हवा, असे आम्हाला वाटते.

१७९९ च्या ऑक्टोबरात जोशुआ मार्शमन, त्याची पत्नी हॅना आणि छापखान्याचा कसबी विल्यम वॉर्ड हे नवे सहकारी आले. कंपनीच्या हद्दीत पाऊल ठेवण्याची त्यांना परवानगी नव्हती. ते थेट डॅनिश सेरामपूरला उतरले आणि तिथल्या गव्हर्नरने त्यांना अभय दिले. १० जानेवारी १८०० रोजी कॅरीही तिथे आला. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या त्रयीने एकत्र कुटुंबासारखा संसार थाटला. सर्वांची मिळकत एका पेटीत जमा व्हायची आणि जेवण एका पंक्तीत व्हायचे. मार्शमन दांपत्याच्या निवासी शाळेची फी आणि पुढे कोलकात्यात कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवण्याबद्दल कॅरीला मिळणारा पगार, हे दोन्ही मिशनच्या खर्चाला जाई.

पहिला बाप्तिस्मा त्याच वर्षाच्या अखेरीस झाला. कृष्ण पाल हा सुतारकाम करणारा गृहस्थ हात निखळल्यामुळे मिशनकडे आला होता. कॅरीचा जुना सहकारी डॉक्टर जॉन थॉमस याने तो हात बसवला आणि बोलता बोलता त्याला ख्रिस्ताची कथा सांगितली. २२ डिसेंबरला कृष्ण मिशनऱ्यांच्या पंक्तीला जेवला. जात सोडल्याची ही उघड कबुलीच होती आणि तिच्यावरून गावात मोठी गडबड उडाली. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या घाटावर डॅनिश गव्हर्नरसमक्ष कॅरीने प्रथम स्वतःचा मुलगा फेलिक्स याला आणि मग कृष्ण पालला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला.

कृष्ण पालचे नाव मात्र बदलण्यात आले नाही. मिशनऱ्यांनी १८०५ मध्ये आपसात केलेल्या करारनाम्यात याचे कारण दिले आहे: प्रेषितांच्या काळात ख्रिस्ती झालेल्यांची नावे जुन्या ग्रीक-रोमन दैवतांवरून आलेली असूनही प्रेषितांनी ती बदलली नव्हती, मग आपण ती का बदलावी? मिशनच्या प्रत्येक ठाण्यावर वर्षातून तीनदा जाहीरपणे वाचावयाचा हा करारनामा म्हणजे सेरामपूरच्या बाप्टिस्ट विचाराचा नेमका दस्तऐवज होय. लोकांच्या मनाचा ठाव घ्यावा, त्यांच्या भावना दुखावतील असे वागू नये, ख्रिस्ताच्या वधस्तंभाचाच उपदेश करावा आणि देशी उपदेशक तयार करून कामाची धुरा त्यांच्याकडे द्यावी, अशी त्यातील कलमे आहेत.

यातले शेवटचे कलम आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. युरोपीय मिशनऱ्याच्या परक्या उच्चारांतल्या बंगाली उपदेशाने फारशी माणसे जवळ आली नाहीत, तर कृष्ण पालसारख्यांच्या तोंडून, ओळखीच्या बोलीत आणि रचलेल्या पदांतून तीच गोष्ट लोकांच्या कानी पडली तेव्हा ती त्यांना आपली वाटू लागली. मंडळी आपल्याच माणसांची, हे तत्त्व जातीच्या प्रश्नावरही कसास लागले. १८०३ मध्ये कृष्ण पालच्या मुलीचा विवाह एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण तरुणाशी झाला. त्याच वर्षी मंडळीतील गोकुळ वारला तेव्हा त्याची शवपेटी मार्शमन आणि फेलिक्स कॅरी यांच्यासोबत पूर्वाश्रमीच्या एका ब्राह्मणाने आणि एका मुसलमानाने उचलली. प्रेताला कोण खांदा देतो याचे सामाजिक वजन मराठी प्रेक्षकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

जी मंडळी प्रत्येक विश्वासणाऱ्याने शास्त्र स्वतः वाचावे असे मानते, तिला छापखाना, शाळा, व्याकरण आणि शब्दकोश टाळता येत नाहीत. १८०१ मध्ये ‘नवा करार’, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, बंगालीत छापून झाला. अक्षरांचे खिळे पाडण्याचे काम पंचानन कर्मकार या निष्णात कारागिराने केले आणि त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर याने ते पुढे नेले. ११ मार्च १८१२ च्या रात्री लागलेल्या आगीत हस्तलिखिते, कागद आणि अनेक लिपींचे खिळे नष्ट झाले, पण पोलादी ठसे वाचल्यामुळे खिळे नव्याने ओतता आले आणि छपाई लवकरच पुन्हा सुरू झाली. बंगाली, उडिया, हिंदी, मराठी, संस्कृत आणि असमिया या सहा भाषांत संपूर्ण पवित्र शास्त्र सेरामपूरहून निघाले. काही भाग आणखी कितीतरी भाषांत निघाले.

आता या कामातील मराठीचा वाटा पाहू. फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठी शिकवण्याची जबाबदारीही कॅरीकडे होती आणि त्या कामात त्याला नागपूरकडील पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य लाभले. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण, १८१० मध्ये मोडी टाइपातील मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार सेरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. वैजनाथांनी मराठीत आणलेले ‘सिंहासन बत्तिशी’ आणि ‘हितोपदेश’ हे ग्रंथही अनुक्रमे १८१४ आणि १८१५ मध्ये तिथेच छापले गेले. मराठी मुद्रणाच्या इतिहासाचा आरंभ सांगताना पुण्या-मुंबईच्या आधी हुगळीकाठचे नाव घ्यावे लागते ते यामुळे.

तरीही या मराठी शास्त्राच्या बाबतीत बाप्टिस्टांचेच तत्त्व लंगडे पडले, असे म्हणावे लागते. बंगालीचे भाषांतर रोज बाजारात बोलून पारखले जात होते, श्रोते चुका काढत होते आणि कॅरी ते पुन्हा पुन्हा सुधारत होता. मराठीला ही सोय मिळाली नाही. कॅरी मराठी मुलखात कधी राहिला नाही आणि ज्यांच्यासाठी भाषांतर चालले होते ते वाचक शेकडो कोसांवर होते. एका पंडिताच्या भाषेवर किती भार टाकावा यालाही मर्यादा असते.

पुढचे काम ज्यांच्याकडे गेले त्यांची कथा मोठी विलक्षण आहे. १८१२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनी, म्हणजे तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाने, तरुण मिशनऱ्यांची एक तुकडी दोन जहाजांतून कोलकात्याला पाठवली. त्यांच्यापैकी अ‍ॅडोनिराम जडसन याने, सेरामपूरच्या बाप्टिस्टांशी वाद घालावा लागेल या विचाराने, प्रवासातच बाप्तिस्म्याविषयी ग्रीक नव्या कराराचा अभ्यास सुरू केला. परंतु वादाची तयारी करता करता तो स्वतःच त्यांच्या मताचा झाला. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कोलकात्याच्या लाल बाजार येथील बाप्टिस्ट मंदिरात वॉर्डच्या हस्ते त्याचा आणि त्याची पत्नी अ‍ॅन हिचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्याने संपूर्ण पवित्र शास्त्र बर्मी भाषेत आणले. त्याच तुकडीतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी मात्र आपले मत बदलले नाही. कंपनी सरकारचा ससेमिरा चुकवत ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले आणि तिथे अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. या मिशनने मुंबईत स्वतःचा छापखाना काढून मराठी शास्त्राचे भाषांतर नव्याने हाती घेतले, आणि या वेळी ते मराठी बोलणाऱ्यांच्या शेजारात राहून झाले. महाराष्ट्रात बाप्टिस्ट मंडळ्यांचा विस्तार त्या मानाने थोडा राहिला, त्याची एक मुळी १८१२ च्या या फाटाफुटीत शोधता येते.

आपण आता पाहत आहोत ती नदीकडे तोंड केलेली, उंच ग्रीक खांबांची इमारत सेरामपूर कॉलेजची आहे. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या या कॉलेजात जात किंवा धर्म न पाहता विद्यार्थी घेतले जात आणि ख्रिस्ती शास्त्रासोबत संस्कृत आणि विज्ञानही शिकवले जाई. त्याच वर्षी इथून ‘समाचार दर्पण’ हे बंगाली वृत्तपत्रही सुरू झाले. १८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. त्याच सुमारास इंग्लंडमधील सोसायटी आणि सेरामपूरची त्रयी यांचे मालमत्तेच्या आणि कारभाराच्या प्रश्नावरून बिनसले आणि दोघांचे मार्ग काही वर्षे वेगळे झाले. वॉर्ड १८२३ मध्ये, कॅरी ९ जून १८३४ रोजी आणि मार्शमन १८३७ मध्ये वारला. कॅरीच्या इच्छेप्रमाणे त्याच्या थडग्यावर आयझॅक वॉट्सच्या गीतातील दोन ओळी कोरल्या आहेत आणि त्यांत तो स्वतःला दीन, असहाय किडा म्हणवतो.

१८४५ मध्ये डेन्मार्कने सेरामपूर इंग्रजांना विकले, तेव्हा कॉलेजचे सनदी हक्क करारात कायम ठेवण्यात आले आणि १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने कायदा करून त्यांना नवे बळ दिले. सेरामपूरच्या सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, आज भारतभरातील निरनिराळ्या पंथांची ईश्वरविज्ञान महाविद्यालये संलग्न आहेत आणि पुण्याचे युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांपैकीच एक. तिथे शिकून मराठी मंडळीत उपदेशाला उभा राहणारा पाळक बाप्टिस्ट असो वा नसो, त्याच्या पदवीचा अधिकार १८२७ च्या त्या डॅनिश सनदेपर्यंत मागे जातो.