टपालावर देखरेख कुणाची?

(दृश्य: सिव्हिल लाइन्समधील जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, सकाळची वेळ.)

नागपूरच्या जीपीओतील खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कधी नोकरीचा अर्ज असतो, कधी उच्च न्यायालयाच्या खंडपीठातील दाव्याची नोटीस, तर श्रावणात राखीचे पाकीट. पाकीट खिडकीतून आत गेले, की त्याचे दर कुणी ठरवायचे, ते गहाळ झाल्यास दाद कुठे मागायची आणि वाटेत ते उघडण्याचा अधिकार कुणाला, हे सारे कायद्यावर अवलंबून असते.

नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना झालेला १८९८चा टपाल कायदा सव्वाशे वर्षे टिकला. संसदेने डिसेंबर २०२३मध्ये त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आणि तो १८ जून २०२४ रोजी लागू झाला. पत्रे वाहून नेण्याचा सरकारचा एकाधिकार त्यात उरलेला नाही. टपाल तिकिटे काढण्याचा हक्क तेवढा टपाल खात्याकडे राहिला आहे. सेवांचे विनियम करणे आणि दर ठरवणे हे अधिकार टपाल सेवेच्या महासंचालकांकडे आहेत. म्हणजे जे खाते टपाल वाटते, तेच त्याचे नियमही करते.

विजेच्या दरवाढीवर नागपूरकर ग्राहक राज्य वीज नियामक आयोगापुढे हरकत नोंदवू शकतो. दूरसंचारासाठी १९९७पासून ट्राय हे नियामक प्राधिकरण आहे. टपालासाठी असा स्वतंत्र नियामक आपल्याकडे नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. २०२५मध्ये रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले; वर्षानुवर्षे ‘आरपीएडी’ने, म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर्ड टपालाने, नोटिसा पाठवणाऱ्या वकिलांना आणि पक्षकारांना या बदलावर बोलण्यासाठी खात्याबाहेरचे व्यासपीठ नव्हते.

अमेरिकेत २००६च्या कायद्याने पाच सदस्यांचा टपाल नियामक आयोग अस्तित्वात आला. मात्र नियामकावर नजर कुणी ठेवायची, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. २०२२च्या सुधारणा कायद्याने आयोगाच्या कारभाराची तपासणी करणारे त्याचे स्वतःचे महानिरीक्षक कार्यालय बंद करून ते काम टपालसेवेच्या महानिरीक्षकांकडे सोपवले. हे महानिरीक्षक कामात स्वतंत्र असले, तरी त्यांना नेमतात टपालसेवेचेच गव्हर्नर, म्हणजे तिच्या नियामक मंडळाचे सदस्य. आयोग ज्या संस्थेवर देखरेख करतो, तिच्याच अधिकाऱ्याने आयोगाची तपासणी करावी, ही रचना सावधपणे पाहावी अशी आहे.

(दृश्य: नागपूर रेल्वे स्थानक, टपालाच्या थैल्या.)

आपल्या कायद्यातील सर्वांत नाजूक कलम नववे आहे. राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता किंवा कोणत्याही कायद्याचा भंग, यांपैकी कोणत्याही कारणास्तव सरकारने अधिकार दिलेला अधिकारी टपाल अडवू, उघडू किंवा रोखून धरू शकतो. टपाल उघडण्याचे अधिकार वाढवणाऱ्या १९८६च्या विधेयकावर राष्ट्रपती झैल सिंग यांनी स्वाक्षरी केली नव्हती, आणि ते अखेर २००२मध्ये मागे घेण्यात आले. फोन टॅपिंगच्या आदेशांची छाननी समितीने करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्येच बजावले होते. पाकीट उघडण्याच्या आदेशाची छाननी कुणी करायची, हे मात्र नववे कलम सांगत नाही.