हॅम्लेटला कृष्ण भेटला नाही

(दृश्य: पहाटे लकडी पूल. खाली मुठेचं पाणी जेमतेम. पहिली पीएमपी बस जाते.)

या पुलाच्या एका अंगाला टिळक रस्ता आहे, दुसऱ्या अंगाला आगरकर रस्ता. मध्ये नदी. दोन्ही रस्ते कुठेच एकमेकांना मिळत नाहीत. ज्यांनी ही नावं दिली त्यांनी मुद्दाम काही केलं नसणार, पण पुण्यात असे योगायोग फार.

आजची गोष्ट दोन मित्रांची आहे आणि एका परक्या राजपुत्राची. राजपुत्र डेन्मार्कचा. मित्र आपले.

(दृश्य: येरवडा, डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत. व्हरांडा.)

बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर. दोघांचा जन्म १८५६चा, जुलै महिन्यातलाच. एक रत्नागिरीचा, दुसरा कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. ओळख झाली ती या कॉलेजात. आगरकरांच्या घरी इतकी गरिबी, की शिकलेला मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी धरणार, ही आईची आशा अगदी रास्त होती. मुलानं पत्र लिहून कळवलं, तसं काही होणार नाही. पोटापुरतं मिळालं की पुरे, बाकी वेळ लोकांच्या कामासाठी. हे पत्र आपण शाळेत धडा म्हणून वाचतो आणि विसरतो. ते हाती पडल्यावर त्या बाईला त्या रात्री झोप लागली असेल का, हा प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायात कधी नसतो.

(दृश्य: जुन्या ‘केसरी’चं पान. अक्षरांवरून कॅमेरा सावकाश सरकतो.)

१८८१ साली ‘केसरी’ निघाला. पहिले संपादक आगरकर, आणि इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडे. कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्ध छापलेली पत्रं बनावट निघाली, बदनामीचा खटला झाला, दोघांना चार महिन्यांची कैद. मुंबईचा डोंगरीचा तुरुंग. प्रत्यक्षात काढले १०१ दिवस. वय सव्वीस.

काय करत होते हे दोघे तिथे? बोलत होते. आवाज इतका चढायचा, की पहारेकऱ्याला येऊन दटावावं लागे. आगरकरांनीच पुढे लिहून ठेवलंय ते.

सुटल्यानंतरच्या वर्षी, १८८३मध्ये, आगरकरांचं एक पुस्तक बाहेर आलं. ‘विकारविलसित’. शेक्सपियरच्या हॅम्लेटचं मराठी भाषांतर. बाप मेलाय, चुलत्यानं मारलाय, आईनं त्याच चुलत्याशी लग्न केलंय, आणि मुलाला कळत नाहीये की आता आपलं कर्तव्य काय. बापाचा सूड घ्यायचा म्हणजे सख्ख्या चुलत्याला मारायचं. नाही घ्यायचा, तर बापाच्या भुताला तोंड कसं दाखवायचं? नाटक पाच अंकांचं आहे आणि पाचही अंक हा मुलगा विचार करतो.

(दृश्य: फर्ग्युसन कॉलेजची मुख्य इमारत. मागे टेकडी.)

पुढची हकिगत मराठी घरांतून माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी समाजसुधारणा, यावरून दोघांचं फाटलं. १८८७मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. विधवांचं केशवपन, बालविवाह, संमतिवय, एकेका विषयावर ते तुटून पडले. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. स्वतःची तिरडी त्यांनी स्वतः पाहिली.

इथे थोडं थांबू या.

आगरकर अज्ञेयवादी होते. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ वाचून घडलेले. देव आहे की नाही हे कळायचा मार्ग नाही. स्वर्गाचं आमिष नको, नरकाची भीती नको. माणसाचं सुख वाढतं की कमी होतं, त्यावर आचार पारखून घ्या. म्हणजे ज्याला कौल लावायला देवच नाही असा माणूस. आणि याला संन्यासी म्हणावं तर तेही नाही, हा प्रपंच करणारा, दम्यानं खोकणारा, वर्गात शिकवणारा माणूस. फर्ग्युसनचे प्राचार्य असतानाच, १८९५च्या जूनमध्ये गेले. चाळिशीही गाठली नाही. आपल्या अंत्यसंस्काराचे पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवले होते, अशी आठवण सांगतात.

(दृश्य: नारायण पेठ. केसरीवाड्याचा दरवाजा. आत अंगण.)

आता दुसरा तुरुंग. मंडालेचा, ब्रह्मदेशातला. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. १९१०–११च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढलं, शाई मिळत नसल्यामुळे शिसपेन्सिलीनं. सुटे कागद नाहीत, पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या. सुटकेनंतर वह्या सरकारकडून यायला उशीर झाला तेव्हा ते म्हणाले म्हणे, वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे.

या ग्रंथाचं दुसरं प्रकरण, ‘कर्मजिज्ञासा’. अर्जुनावर आली तशी वेळ इतरांवरही येते, हे दाखवायला टिळक उदाहरणं घेतात. कुठली? शेक्सपियरचेच दोन नायक, कोरिओलेनस आणि हॅम्लेट.

हॅम्लेट! मंडालेच्या कोठडीत.

त्याच्याबद्दल टिळकांचं म्हणणं थोडक्यात असं, की या बिचाऱ्याला श्रीकृष्णासारखा मार्ग दाखवणारा कुणी भेटला नाही, म्हणून तो वेडापिसा झाला आणि जगावं की मरावं याच घोळात संपला.

मग टिळक महाभारतात शिरतात, आणि तिथे त्यांची लेखणी अशी रंगते की पानं कशी उलटली ते कळत नाही. कर्णपर्वातला कौशिक घ्या. नदीकाठचा तपस्वी, कायम खरं बोलण्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीनं पळणारी माणसं त्याच्यासमोरून रानात शिरली. मागून दरोडेखोर आले, विचारलं, कुठे गेले? यानं खरं सांगितलं. माणसं मारली गेली. कौशिक नरकात गेला. ही गोष्ट कृष्ण सांगतो, आणि तीही कधी? अर्जुन प्रतिज्ञेपायी युधिष्ठिरावर तलवार उपसून उभा असताना. याच पेचावर जर्मन तत्त्वज्ञ कान्टनं १७९७ साली नेमकं उलटं उत्तर दिलं होतं: दारात खुनी उभा असला तरी खोटं बोलायचं नाही.

(दृश्य: भांडारकर संस्था. कपाटं, लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या.)

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या या संस्थेत १९१९ ते १९६६ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. मागाहून घुसलेला मजकूर बाजूला काढला. लेखनिक गणपतीसुद्धा मूळ संहितेतून तळटीप-परिशिष्टांत गेला, आणि ते पुण्यात, गणपतीच्या गावात! कौशिक मात्र राहिला.

(दृश्य: पुन्हा केसरीवाडा. उन्हाची तिरीप.)

‘गीतारहस्या’चं चौथं प्रकरण वाचताना मला सारखं वाटतं, हे कुणाला तरी उद्देशून आहे. विषय आहे आधिभौतिक सुखवाद, म्हणजे मिल. म्हणजे, माझ्या मते, आगरकर. ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ हीच नीतीची कसोटी का, असं टिळक विचारतात आणि अमेरिकेतल्या एका शहराचा दाखला देतात. लोकांच्या सोयीसाठी ट्रामवे हवी होती. परवानगीला वेळ लागत होता, म्हणून व्यवस्थापकानं अधिकाऱ्यांना पैसे चारले. ट्राम झाली, लोकांची सोय झाली. पुढे भानगड उघडकीस आली आणि त्याला शिक्षा झाली. सुखाचं माप लावलं तर हा माणूस चांगला ठरायला हवा. मग गुन्हेगार का ठरला? टिळक म्हणतात, करणाऱ्याची बुद्धी पाहा. चहापाण्याशिवाय फाईल हलत नाही हे ज्याला माहीत आहे, त्याला हा दाखला शंभर वर्षांपूर्वीचा वाटत नाही.

युक्तिवाद मजबूत आहे. तरी माझी एक शंका आहे, आणि ती मला टिळकांनाच विचारायची होती. हॅम्लेटला कृष्ण नव्हता म्हणून तो बुडाला, हे खरं मानू. पण कृष्णावाचून चाललेला एक माणूस तुम्ही जवळून पाहिला होता. १०१ दिवस एका तुरुंगात, रोज हुज्जत घालत. त्याला वेड लागलं नाही. त्यानं सूडही घेतला नाही, अगदी तिरडी काढणाऱ्यांवरही नाही. आणि त्याची बुद्धी कशी होती, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

(दृश्य: पेन्सिलीनं लिहिलेल्या मजकुराचं जवळून चित्र. नंतर पान उलटतं.)

‘गीतारहस्य’ १९१५ साली पुण्यात छापून निघालं. आगरकरांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. उत्तर द्यायला ‘सुधारक’चा कर्ता नव्हता, आणि आवाज कमी करा म्हणणारा पहारेकरीही नव्हता.

(दृश्य: लकडी पूल, आता भर गर्दी. पडदा काळा.)