गोडंबी फोडणारे हात

(ठाणे, जांभळी नाका. शनिवार सकाळ.)

दुकानाच्या दाराला नवी लिंबू-मिरची लागते आहे. दोऱ्याच्या टोकाशी ओवलेला काळा, चपटा मणी पाहा. तो बिब्बा. आत बरणीत, डिंक आणि खारकेशेजारी, गोडंबी. थंडीच्या आणि बाळंतिणीच्या लाडवात घालतात ती. ही बी त्या काळ्या बिब्ब्याच्या पोटातून निघते. कशी निघते, ते बघायला आम्ही मुरबाडला गेलो.

(माळशेजच्या पायथ्याचं रान. पिवळं पडलेलं गवत.)

शरद सरला, मार्गशीर्ष लागला, की रानात बिब्बे पिकतात. ठाकरवाडीतल्या आजी आणि त्यांच्या दोघी सुना उजाडताच निघाल्या आहेत. हे ते झाड. वीतभराहून मोठी, टोकाला रुंद होत गेलेली पानं. फांदीला केशरी बोंड आणि बोंडाच्या टोकाला काळं फळ. काजू आठवला ना? दोघंही आंब्याच्याच कुळातले. पण काजू पोर्तुगिजांनी आणला, बिब्बा इथलाच. त्याचं शास्त्रीय नाव सेमेकार्पस, म्हणजे खुणेचं फळ. परीट याच्या रसाने कपड्यांवर खुणा करायचे. त्यावर चुना लावला की कितीही धुतलं तरी खूण जात नसे.

सून फांदी हलवते, आजी खालची फळं काठीने ओढून गोळा करतात. बोंडं वेगळी टोपलीत. ती वाळवून ठेवायची, निखाऱ्यावर भाजून खायची. हा पोरांचा खाऊ, बाजारात जात नाही.

(अंगण. दगड, राख, वाळलेले बिब्बे.)

खरं काम इथे आहे, म्हणून हे दृश्य आम्ही कापलं नाही.

आजी आधी हातांना तेल चोळतात, वरून चुलीतली राख. बिब्बा दगडावर उभा धरायचा आणि कडेवर बेताचा घाव घालायचा. हलका बसला तर कवच उकलत नाही. जोरात बसला तर बी चुरते आणि तेल उडतं. हे तेल कवचाच्या आतच भरलेलं असतं, काळं आणि चिकट. त्यातलं भिलावनॉल कातडीला लागलं की खाज सुटते, फोड येतात. बऱ्याचदा ते एक-दोन दिवसांनी उठतात, त्यामुळे नेमका कुठला बिब्बा बाधला हे कळतही नाही. बिब्बा उतला, असं म्हणतात. मग त्यावर खोबरं लावायचं. फुटलेली कवचं चुलीतही घालत नाहीत, कारण त्यांच्या धुरानेही तोंड सुजतं.

घाव, उकल, बी. पुन्हा घाव. आजींचा डावा अंगठा बघा, बिब्बा तोच धरतो.

(अंगठा, जवळून. काही क्षण निवेदन नाही.)

रानातली गौण वनउपज गोळा करून विकण्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने दिला. या अंगणात हातमोजे नाहीत.

(सूप. आजी बिया निवडताना.)

अखंड बिया एकीकडे, तुकडे दुसरीकडे. तुकडे घरात राहतील. ऊन उतरलं तेव्हा सूप अर्धंही भरलं नव्हतं. आजींनी हात राखेने घासले, मग मातीने, मग पाण्याने.