बैकानूर ते ओझर

नमस्कार श्रोतेहो. पहिले भारतीय अंतराळवीर राकेश शर्मा यांचे नाव निघाले की ‘वरून भारत कसा दिसतो?’ हा पंतप्रधान इंदिरा गांधींनी विचारलेला प्रश्न आणि ‘सारे जहाँ से अच्छा’ हे अवकाशातून आलेले त्याचे उत्तर एवढेच आपल्याला बहुधा आठवते. आज मला त्या उत्तरामागच्या वैमानिकाविषयी बोलायचे आहे.

१९४९ साली पतियाळात जन्मलेले आणि हैदराबादेत वाढलेले शर्मा १९६६ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले, १९७० मध्ये हवाई दलात अधिकारी झाले आणि पुढच्याच वर्षीच्या युद्धात मिग-२१ विमानातून लढले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे बावीस. नंतर ते चाचणी वैमानिक झाले, आणि माझ्या मते त्यांची खरी घडण झाली ती इथेच. विमान हाताबाहेर जाऊ लागले, तरी काय घडते आहे ते शांतपणे आणि नेमके सांगणे हे या वैमानिकाचे काम असते.

१९८२ मध्ये सोव्हिएत संघाबरोबरच्या अवकाशमोहिमेसाठी निवड झाल्यावर ते आणि रवीश मल्होत्रा मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत प्रशिक्षणाला गेले. यानातले सारे व्यवहार रशियन भाषेत चालत असल्यामुळे आधी ती भाषा आत्मसात करावी लागली. मल्होत्रांनीही तेवढेच कष्ट उपसले, पण राखीव म्हणून ते जमिनीवरच राहिले. त्यांचे नाव आपण क्वचितच घेतो, याची मला मनापासून खंत वाटते.

३ एप्रिल १९८४ रोजी बैकानूर या सोव्हिएत अवकाशतळावरून सोयुझ टी-११ यानाने युरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव यांच्यासह स्क्वाड्रन लीडर शर्मा निघाले. सॅल्युत-७ या सोव्हिएत अवकाशस्थानकावर त्यांनी भारतभूमीची छायाचित्रे घेतली आणि वजनरहित अवस्थेत योगासनांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे स्वतःवरच तपासले. सोयुझमधल्या आसनाचे अस्तर प्रत्येकाच्या पाठीचा साचा घेऊन बनवतात, कारण जमिनीवर आदळतानाचा धक्का पाठीच्या कण्याने सोसायचा असतो. हे तिघे परतले ते आधीपासून तिथे असलेल्या सोयुझ टी-१० मधून, म्हणून आपापली अस्तरे त्या यानात हलवणे अत्यावश्यक होते.

सुमारे आठ दिवसांच्या या प्रवासानंतर अशोकचक्र मिळाले, सोव्हिएत संघाचा वीर हा किताब मिळाला, देशभर सत्कार झाले. एवढ्या सन्मानानंतर एखाद्याने विमान उडवणे सोडले असते, तर कोणी त्याला दोष दिला नसता. शर्मा मात्र १९८७ मध्ये विंग कमांडर म्हणून निवृत्त होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये रुजू झाले आणि १९९२ पर्यंत नाशिकजवळच्या ओझरला मुख्य चाचणी वैमानिक होते. कारखान्यातून आलेले लढाऊ विमान हवाई दलाकडे सोपवण्याआधी आकाशात नेऊन पारखायचे आणि उतरल्यावर त्यातली प्रत्येक उणीव अभियंत्यांपुढे मांडायची, हे त्यांचे तिथले रोजचे काम होते.