ताप उतरल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

रक्ताच्या कॅन्सरमधून उठून मी घरी आले, तेव्हा भेटायला येणारं प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचं: "देवाने तुला वाचवलंय, म्हणजे तुझ्याकडून त्याला काहीतरी करून घ्यायचंय." बोलायचे सगळे मायेनेच. पण केमोने केस गेलेले, एक जिना चढला की धाप लागते, अशा बाईला हे वाक्य जडच जातं. त्यात मी ठाण्याची. इथे १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस हे फ्रान्सिस्कन मिशनरी आणि त्यांचे साथी ख्रिस्ती श्रद्धेपायी मारले गेले. अशा गावात 'देवाचं काम' म्हटलं की तेवढंच मोठं काहीतरी डोळ्यांपुढे येतं.

शिवाय वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. ती गेली. तिची आई माझ्याहून जास्त प्रार्थना करायची. मला देवाने निवडलं म्हणायचं, तर त्या आईला काय सांगायचं? आमच्या फादरांना विचारलं. ते गप्प बसले, आणि बरं केलं.

बायबलमध्ये, मार्काच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र याची सासू भेटते. तिचं नावसुद्धा दिलेलं नाही. तापाने पडलेली, येशूने हात धरून उठवलं, ताप उतरला, आणि ती घरी आलेल्यांची उठबस करू लागली. संपली गोष्ट. लहानपणी मला राग यायचा, बरं वाटतंय न वाटतंय तोच बाईला चुलीपाशी धाडलं म्हणून! आता तीच जवळची वाटते. 'तू कशासाठी वाचलीस' असं तिला कुणी विचारलं नाही. घरात माणसं होती, ती उठली.

उलट बायबलच्या जुन्या करारातला हिज्कीया राजा बघा. मरणाच्या दारातून परतला, पंधरा वर्षं वाढवून मिळाली. (यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेपही लावायला सांगितला होता, औषध की प्रार्थना, असा वाद घालणाऱ्यांनी तो अध्याय जरूर वाचावा.) आणि बरा झाल्यावर त्याने केलं काय? बाबेलहून समाचाराला आलेल्या दूतांना आपला खजिना दाखवत फिरला.

माझ्यापुढे आलेलं काम अगदी साधं होतं. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाचं रक्त रक्तपेढी घेत नाही. म्हणून मी देणारे शोधते. प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी, जेमतेम पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. खारघरला ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, बिहार, बंगालहून लोक येतात. प्लेटलेट्सचे काउंट पडले की दाता आणणार कुठून? इथे ओळखीचं कोण असतं त्यांना? रविवारी मिस्सा सुटली की मी वही घेऊन चर्चच्या फाटकात उभी राहते. नाव, रक्तगट, फोन. काही जण मला बघून मागच्या दाराने सटकतात, तेही ठाऊक आहे.

तुमचं वय अठरा ते साठच्या आत असेल, वजन पन्नास किलोच्या वर असेल, तर रक्तपेढीत विचारा. 'एसडीपी द्यायचंय' म्हणा, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट्स, त्यांना कळतं. तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. पोटभर खाऊन जा, मशीनवर तासदीड तास जातो. सुईची भीती वाटत असेल तर सोबतीला कुणी तरी घेऊन जा, त्यालाही विचारतीलच.