नवाहोंचा कागद, चिरिकाहुआंचा एजंट

'एजंट' हा शब्द ऐकला की आपल्यातल्या इतिहास वाचणाऱ्यांना संस्थानाच्या राजधानीत बंगला थाटून बसलेला पोलिटिकल एजंट आठवतो आणि बाकीच्यांना विम्याचा हप्ता. आज ज्या एजंटांविषयी बोलायचे आहे ते या दोघांहून निराळे होते. आजच्या न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना या मुलखात अमेरिकन सरकारने नवाहो आणि अपाचे या मूलनिवासी लोकांसाठी नेमलेला एजंट पिठाची पोती मोजत असे, कंत्राटदाराची जनावरे वजन करून घेत असे, माणसांची हजेरी ठेवत असे आणि वॉशिंग्टनच्या वतीने शब्दही तोच देत असे. तो शब्द पुढे किती टिकला, हा आजचा विषय आहे.

१८४९ साली मूलनिवासींचा कारभार पाहणारी कचेरी युद्धखात्याकडून नव्या अंतर्गत व्यवहार खात्याकडे गेली. तेव्हापासून एजंट एका खात्याचा आणि सैनिक दुसऱ्या खात्याचा झाला, आणि पुढच्या अर्ध्याअधिक भांडणांचे मूळ या वाटणीत आहे. त्याच वर्षी जेम्स कॅल्हून हे सांता फे येथे पहिले एजंट म्हणून आले. ऑगस्टच्या अखेरीस ते लष्करी तुकडीबरोबर नवाहोंशी बोलणी करायला गेले असता एका घोड्याच्या मालकीवरून वाद झाला, सैनिकांनी गोळीबार केला आणि नार्बोना हा वयोवृद्ध, तडजोडीच्या बाजूचा नेता मारला गेला. नंतर नऊच दिवसांनी त्याच दौऱ्यात मैत्रीच्या तहावर सह्या झाल्या. असा तह किती मानला जाईल, हे कोणालाही कळण्यासारखे होते.

दोन खात्यांची ओढाताण सर्वांत उघडी पडली ती १८६३ ते १८६८ या काळात. जनरल जेम्स कार्लटन यांनी ठरवले की मेस्कालेरो अपाचे आणि नवाहो यांना पेकोस नदीकाठी बोस्के रेडोंडो येथे एकत्र बसवून शेतकरी करायचे. मोहीम किट कार्सन यांच्याकडे होती. हे कार्सन स्वतः काही वर्षे टाओस येथे एजंट होते, आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. उभी पिके जाळली गेली, कॅन्यन द शे या खोल दरीतल्या पीचच्या बागा तोडल्या गेल्या, आणि उपासमारीने शरण आलेल्या ८ हजारांहून अधिक नवाहोंना ३०० मैलांहून लांब पायी नेण्यात आले. नागरी बाजूचे प्रमुख मायकेल स्टेक यांनी अपाचेंमध्ये एजंट म्हणून बरीच वर्षे काढली होती. इतक्या माणसांना ती जमीन पोसणार नाही, असे ते सुरुवातीपासून सांगत होते. नवाहो हे लष्कराचे कैदी आहेत, तेव्हा त्यांना खाऊ घालणे लष्कराचे काम आहे, अशीही भूमिका त्यांनी घेतली. तर्क बिनचूक होता. मात्र खात्यांच्या या हिशेबात उपाशी कोण राहत होते ते लक्षात घ्यावे. १८६५ मध्ये स्टेक पायउतार झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या एका रात्री मेस्कालेरो लोक छावणीतून निघून गेले. नवाहो मागे राहिले. मक्याला कीड लागत होती, पेकोसचे पाणी खारट होते, सरपणासाठी मेस्कीट या काटेरी झुडपाची मुळे खणायला मैलोन्‌मैल जावे लागत होते.

मे १८६८ मध्ये जनरल शर्मन आणि सॅम्युएल टॅपन हे आयुक्त तेथे पोहोचले तेव्हा थिओडोर डॉड हे नवाहोंचे एजंट होते. हे लोक येथे राहायला राजी नाहीत आणि राहणारही नाहीत, असे डॉड यांनी आयुक्तांना स्पष्ट कळवले. शर्मन यांच्या मनात नवाहोंना आणखी पूर्वेला पाठवायचे होते. नवाहोंचे नेते बार्बोन्सितो यांनी ते साफ नाकारले: आम्हाला आमच्याच देशी जायचे आहे, दुसरीकडे नाही. १ जूनला तह झाला. त्यात १५,००० मेंढ्या-शेळ्या देण्याचे कलम होते, आणि एजंटाने नवाहोंमध्येच राहावे, तक्रारी ऐकण्यासाठी कचेरी उघडी ठेवावी असेही लिहिले होते. परत मिळालेली जमीन मूळ मुलखाचा एक तुकडाच होती, आणि मेंढ्या प्रत्यक्ष हाती यायला १८६९ चा नोव्हेंबर उजाडला. तरीही हा तह सिनेटने मंजूर केला होता, आणि नवाहोंशी एखादा एजंट चांगला वागला काय किंवा वाईट वागला काय, त्या कागदाला धक्का लागत नव्हता.

३ मार्च १८७१ च्या कायद्याने अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मूलनिवासी जमातींशी यापुढे तह करायचे नाहीत असे ठरवले. एकोणीसच महिन्यांनी, ऑक्टोबर १८७२ मध्ये, जनरल ऑलिव्हर हॉवर्ड ड्रगून डोंगरात चिरिकाहुआ अपाचेंचा नेता कोचीस याला भेटले. त्यांना तेथवर नेणारा माणूस होता टॉम जेफर्ड्स, टपालवाहतुकीच्या धंद्यातून कोचीसच्या ओळखीचा झालेला, तांबड्या दाढीचा. समझोता तोंडी झाला. चिरिकाहुआंना त्यांच्याच डोंगरांत, मेक्सिकोच्या सीमेपर्यंत राखीव प्रदेश मिळावा आणि जेफर्ड्सच एजंट असावा, ही कोचीसची मागणी होती. जेफर्ड्सने आपल्या परवानगीवाचून कोणा सैनिकाने किंवा नागरिकाने तेथे पाऊल टाकू नये अशी अट घातली आणि ती मान्य झाली. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने प्रदेश जाहीर झाला. आदेशाने दिलेले आदेशाने काढून घेता येते, हे तेव्हा त्या डोंगरात कोणी कोणाला समजावून सांगितले असेल असे मला वाटत नाही.

जेफर्ड्सला संत करण्याची चाल पुढे पडली. ती मला मान्य नाही. ॲरिझोनात शांतता नांदली हे खरे, पण सीमेपलीकडे सोनोरात चिरिकाहुआंच्या धाडी चालूच होत्या आणि जेफर्ड्सने तिकडे बऱ्याच अंशी काणाडोळा केला. तरी वॉशिंग्टनला खुपत होती ती त्याची स्वतंत्र वागणूक आणि चिरिकाहुआंवरचा खर्च. जून १८७४ मध्ये कोचीस वारला. १८७६ च्या सुरुवातीला गोमांसाचा शिधा आटला आणि जेफर्ड्सला लोकांना शिकारीला जा म्हणावे लागले. एप्रिलमध्ये चोरून दारू विकणारे दोन गोरे मारले गेले, आणि सरकारला हवे ते निमित्त मिळाले. जेफर्ड्सला पदावरून दूर केले. ऑक्टोबरअखेर राखीव प्रदेशही रद्द झाला.

लोकांना हलवायला आला जॉन क्लम, सॅन कार्लोस या अपाचे राखीव प्रदेशाचा एजंट. सरकारच्या तेव्हाच्या 'शांततेच्या धोरणा'त एजंटांची नावे चर्चसंस्थांनी सुचवायची पद्धत होती. डच रिफॉर्म्ड चर्चने सुचवलेला हा तरुण १८७४ मध्ये रुजू झाला तेव्हा तेवीस वर्षांचाही नव्हता. त्याने अपाचेंचेच पोलीस उभे केले, अपाचे पंचांचे न्यायालय बसवले आणि लष्कराला हद्दीबाहेर ठेवण्याचा हट्ट धरला. कल्पना चांगल्या होत्या, पण आत्मप्रौढी त्याहून मोठी. कोचीसचे मुलगे ताझा आणि नायचे यांच्यासह सव्वातीनशे लोक त्याच्याबरोबर निघाले. जेरोनिमो या लढवय्या अपाचे म्होरक्याने आपली माणसे घेऊन येतो म्हणून मुदत मागितली आणि तो मेक्सिकोत निघून गेला. ताझाला क्लमने त्याच वर्षी पूर्वेकडे मिरवायला नेले. तो वॉशिंग्टनमध्ये न्यूमोनियाने वारला. एप्रिल १८७७ मध्ये क्लमच्या पोलिसांनी जेरोनिमोला पकडले. त्यानंतर तीनच महिन्यांत लष्कराशी भांडून क्लमने राजीनामा दिला.

एकमेकांशी न पटणाऱ्या टोळ्या सॅन कार्लोसच्या, हीला नदीकाठच्या उष्ण, मलेरियाच्या सपाटीवर आता एकत्र होत्या. प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला होता, आणि शिध्याच्या दिवशी सर्वांनी मोजणीला यायचे. कंत्राटदाराची जनावरे आधी तहानलेली ठेवली जात, मग नदीवर पोटभर पाणी पाजून तराजूवर चढवली जात. सरकार पाण्याला मांसाचा भाव देत होते. १८८२ मध्ये एजंट जोसेफ टिफनीच्या कारभारावर टूसॉनमधल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोपांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या पंचमंडळाने, इतके कडक ताशेरे ओढले की त्या मुलखातले, अपाचेंबद्दल फारशी माया नसलेले गोरे लोकही चकित झाले. पळापळी, पाठलाग आणि पुन्हा शरणागती असे चक्र १८८६ पर्यंत चालले. मग चिरिकाहुआंना युद्धकैदी म्हणून फ्लोरिडाला धाडले गेले. जेरोनिमोच्या मागावर सरकारची चाकरी केलेले अपाचे स्काउट, म्हणजे माग काढणारे टेहळेही, त्याच आगगाड्यांत होते. कैद संपली १९१३ साली.

१८६८ च्या नवाहो तहाच्या तीन प्रती केल्या होत्या. टॅपन यांच्याकडे राहिलेली प्रत त्यांच्या घराण्यातल्या एका माळ्यावर सापडली, आणि २०१९ मध्ये ती नवाहो राष्ट्राच्या स्वाधीन करण्यात आली. ड्रगून डोंगरातल्या त्या समझोत्याची अशी सह्यांची प्रत कोठे सापडण्याचा प्रश्नच नाही. कोचीसला त्याच डोंगरात कोठे पुरले हे ठाऊक असलेला एकमेव गोरा म्हणून जेफर्ड्सचे नाव घेतात. १९१४ साली टूसॉनजवळ तो वारला, आणि ती जागा त्याने अखेरपर्यंत कोणाला सांगितली नाही.